कंपनीत साहेब, गावात मृदंग

(संस्थेच्या रौप्यमहोत्सवी स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



सचिवांनी मला विषय दिला आहे, 'आपली संगणक अभियंता मुले'. त्यांना वाटलं असेल, बँकेतून निवृत्त झालेला माणूस आहे, पॅकेजचे आकडे सांगेल. ते आकडे तुम्ही एकमेकांना रोज सकाळी फिरायला जाताना सांगताच. मला बोलायचं आहे ते ही मुलं ऑफिस सुटल्यावर काय करतात, आणि ते त्यांना कुठून मिळालं, याबद्दल.

माझं मूळ गाव रिठद, तालुका रिसोड. १ जुलै १९९८ ला वाशीम जिल्हा अकोल्यापासून वेगळा झाला, कचेऱ्या आल्या, आणि आपण नोकरदार मंडळींनी इथे प्लॉट घेतले. त्यातून ही संस्था उभी राहिली. तेव्हा आपली मुलं शाळेत होती. आज सणावाराला पुण्याच्या नंबराच्या गाड्या लागल्या की कळतं, मुलं कुठे गेली ते.

माझा पुतण्याही त्यातलाच. हिंजवडीला नोकरी. रिठदच्या घरी सोयाबीन आणि तुरीची शेती, बाप शेतकरी, आई पाचवी शिकलेली. पण हा दरवर्षी हरिनाम सप्ताहाला रजा टाकून गावी येतो आणि रात्रीच्या कीर्तनाला मृदंग वाजवतो. दिवाळीला एक वेळ येणार नाही, सप्ताह चुकत नाही. माझा धाकटा भाऊ एकदा वैतागून मला म्हणाला, "दादा, तुमीच समजावून सांगा याले. एवढा पगार घेते अन् रात्रभर मुरदंग वाजवते. लोक काय म्हनतीन?"

मी समजावलं नाही. मी त्याला विचारलं, की बाबा, तुला यातून काय मिळतं? तो म्हणाला, "मोठे बाबा, माझ्या कामात आज केलेली चूक सहा महिन्यांनी सापडते, आणि तेव्हा ती कुणी केली यावर मीटिंग होते. मृदंगावर बोट चुकलं की तिथल्या तिथे कळतं. कीर्तनकार नुसता मागे वळून बघतो."

त्याचं म्हणणं मला पटलं, कारण या मुलांचं काम मी जवळून पाहिलं आहे. १९८४ च्या रंगराजन समितीच्या अहवालानंतर बँकांत संगणक येऊ लागले. आधी एएलपीएम, मग संगणकीकृत शाखा, मग कोअर बँकिंग. आमची शाखा कोअर बँकिंगवर गेली तेव्हा कंपनीची पंचविशीतली मुलं रात्र-रात्र बसलेली होती. जुन्या खात्यांची बेरीज नव्या यंत्रणेशी जुळेपर्यंत उठायचं नाही. आम्ही निदान लेजर मिटवून घरी जायचो. यांचं लेजर मिटतच नाही, ते फोनवर घरापर्यंत येतं.

पुतण्या मृदंग शिकला तो देवळात. गावातल्या एका म्हाताऱ्या वादकाने त्याला सातवीपासून बसवलं. धुमेवर कणीक किती पातळ लावायची, वाजवून झाल्यावर ती कशी खरवडून काढायची, इथपासून. फी काही नाही. आता तो पुण्यात फ्लॅटमध्ये राहतो. तिथे मृदंगाला हात लावला की खालून बेल वाजते. म्हणून बिचारा रविवारी सकाळी वाद्य खांद्याला अडकवून एका देवळाच्या ओवरीत जाऊन बसतो. पगार आहे, हौस आहे, बोटं आहेत. वाजवायला जागा नाही.

आता कुणी म्हणेल, हे छंद म्हणजे पोट भरल्यावरच्या गोष्टी. आधी मुलाला मोठा होऊ द्या. म्हणून माझ्याच वयाच्या एका माणसाचं उदाहरण देतो. अच्युत गोडबोले. जन्म १९५०, गाव सोलापूर, शाळा मराठी माध्यमाची. १९७२ ला आयआयटी मुंबईतून केमिकल इंजिनिअर झाले. पुढे शहाद्याच्या आदिवासींच्या चळवळीत गेले, तुरुंगातही राहिले. (हा शहादा ज्या नंदुरबार जिल्ह्यात आहे, तो आपल्या वाशीमबरोबर एकाच दिवशी झालेला जिल्हा. मला हा योगायोग फार आवडतो.) मग ते सॉफ्टवेअरमध्ये शिरले आणि पटणी, सिंटेल, एल अँड टी इन्फोटेक अशा कंपन्यांत मोठ्या हुद्द्यांवर पोचले. ऑपरेटिंग सिस्टीमवर त्यांचं इंग्रजी पाठ्यपुस्तक आहे. आणि याच माणसाने सुलभा पिशवीकरांबरोबर रागसंगीतावर 'नादवेध' लिहिलं. विज्ञानावर 'किमयागार', अर्थशास्त्रावर 'अर्थात', मानसशास्त्रावर 'मनात' लिहिलं. 'अर्थात' तर आम्हा बँकवाल्यांनी नोकरीत असताना वाचायला हवं असं पुस्तक आहे.

'मुसाफिर' हे त्यांचं आत्मचरित्र जरूर वाचा. त्यातून एक गोष्ट स्पष्ट दिसते. संगीताची आणि वाचनाची ओढ त्यांना मोठ्या पदावर गेल्यावर लागलेली नाही. ती आधीपासूनची आहे, नोकरी नंतर आली.

दुसरे महेश काळे. तेही इंजिनिअर, अमेरिकेत उच्च शिक्षण घेतलं, सिलिकॉन व्हॅलीत नोकरी केली. पण त्याआधी पंडित जितेंद्र अभिषेकींच्या घरी राहून गाणं शिकले होते. 'कट्यार काळजात घुसली'मधल्या गाण्यासाठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पुरस्कार सगळ्यांनाच मिळणार नाही, मिळायची गरजही नाही. पण अभिषेकींचं घर असो, रिठदचं देऊळ असो, लहानपणी कुणीतरी बसायला जागा दिलेली असते.

आणि आपण काय करतो? मुलगी नववीत गेली की हार्मोनियम कपाटावर. चित्रकलेचे रंग वाळून जातात. "बारावी होऊ दे, मग शिक." बारावीनंतर ती जाते पुण्याला.

म्हणून आता सभागृहाबद्दल बोलतो, थोडं कडू वाटलं तरी. येत्या सर्वसाधारण सभेपुढे आपलं सभागृह शिकवणी वर्गाला भाड्याने देण्याचा विषय आहे. महिना ६,००० रुपये भाडं. मी जुना बँकवाला, भागाकार लगेच करून पाहिला. ४८ घरं, दर घरामागे महिना १२५ रुपये. एवढ्यासाठी आपण संध्याकाळी पोरांची एकमेव जागा देऊन टाकणार. देखभाल खर्च वाढला आहे हे मला मान्य आहे, खजिनदारांची अडचण खरी आहे. पण शिकवणीला गावात पन्नास जागा आहेत. पेटी-तबल्याला एकही नाही.

माझी सूचना अशी. शिकवणीला सकाळची वेळ द्यावी, भाडं थोडं कमी घ्यावं. संध्याकाळी ६ ते ८ सभागृह मुलांसाठी मोकळं राहावं. माझ्याकडे दोन कपाटं पुस्तकं आहेत, ती मी संस्थेला देतो. किल्ली सांभाळायला मी तयार आहे, तसाही मी घरीच असतो. पुतण्या दिवाळीला येईल तेव्हा चार दिवस मुलांना हात कसा ठेवायचा ते दाखवीन म्हणाला आहे, आणि त्याचा जुना मृदंग इथेच ठेवणार आहे. शेजारच्या घरांना त्रास होईल, त्यांची आधीच माफी मागतो. रात्री आठनंतर एक थाप वाजणार नाही.

ठराव मी सभेत मांडणार आहे. अनुमोदक पाहिजे. चहा घेताना नाव सांगा.