रबराची निवड : फिरकी आणि ताबा

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी क्रीडा सप्ताहात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मंडळाच्या सभागृहात टेबल टेनिसचे नवे टेबल आले आणि पहिल्याच आठवड्यात चार पालकांनी आम्हांस एकच प्रश्न विचारला : मुलांच्या बॅटीला रबर कोणते लावावे? आम्ही या खेळातील अधिकारी पुरुष नव्हे; आमचा अधिकार काय तो कचेरीपुरता, आणि तोही सायंकाळी सहापर्यंत. परंतु बदलीच्या नोकरीत गावोगावच्या कर्मचारी क्लबांतून तीसेक वर्षे खेळलो आणि रबराच्या बाबतीत एक मोठी चूक घरातच केली. तेवढ्या भांडवलावर हे चार शब्द.

चूक अशी. आमची कन्या बारा वर्षांची असता दुकानात तयार मिळणाऱ्या साध्या बॅटीने बरी खेळू लागली होती. आम्हांस उत्साह आला. दुकानदार म्हणाला, मोठमोठे खेळाडू हेच रबर वापरतात. आम्ही महिन्याच्या खर्चाचा विचार न करता जाड, कठीण स्पंजाचे आणि कमालीचे चिकट रबर दोन्ही बाजूंस लावून आणले. त्या दिवसापासून तिचा चेंडू एक तर टेबलापलीकडे जाई, नाही तर जाळीत अडके. तीन महिन्यांनी तिने बॅट कपाटात ठेवून दिली आणि म्हणाली, "बाबा, मला हा खेळ येतच नाही." निवड आमची चुकली होती आणि दोष लेकीने स्वतःकडे घेतला होता.

असे का झाले, हे आम्हांस फार उशिरा उमगले. आजच्या बहुतेक बॅटींवर लाकडी फळीलगत स्पंज आणि त्यावर, दाणे आत व गुळगुळीत बाजू बाहेर असे रबर असते. चेंडू आपटला की स्पंजात किंचित रुततो, रबराचा पृष्ठभाग त्याला पकडतो, आणि त्या क्षणी हात वरून किंवा खालून घासत गेला, तर चेंडू गरगरत निघतो. फिरकी निर्माण करतो तो हात. रबर केवळ पकड पुरवते. पण ही पकड पक्षपाती नसते. आपला चेंडू फिरविणारे रबर समोरच्याची फिरकीही तितक्याच इमानाने पकडते. त्याने टॉपस्पिन मारला आणि आपण बॅटीचा कोन मिटवला नाही, तर चेंडू छताकडे. त्याने खालून कापला आणि आपण कोन उघडला नाही, तर जाळीत. ज्या मुलाला फिरकी ओळखता येत नाही, त्याच्या हाती अतिचिकट रबर देणे म्हणजे प्रतिस्पर्ध्याला मदत करणेच होय.

या साऱ्या स्पंजपुराणाला वेग आला तो आपल्या मुंबईतच. १९५२ च्या मुंबईतील जागतिक स्पर्धेत जपानचे हिरोजी सातो जाड स्पंजाची बॅट घेऊन आले आणि पुरुष एकेरीचे विजेतेपद घेऊन गेले. तोवर दाणेदार रबरावर चेंडूचा टकटक आवाज येई आणि त्यावरून फटक्याचा अंदाज बांधता येई. सातोंच्या बॅटीचा आवाजच येईना! पुढे वाद बराच माजला. अखेर १९५९ मध्ये आंतरराष्ट्रीय संघटनेने नियम केला की, स्पंज, रबर आणि चिकटवणीचा थर मिळून एका बाजूची जाडी ४ मि.मी.हून अधिक असू नये. तो दंडक आजही आहे.

आता मूळ प्रश्नाकडे. नवशिक्या मुलासाठी स्पंज १.५ ते १.८ मि.मी. जाडीचा, मऊ ते मध्यम असावा. स्पंज पातळ असला की चेंडूस फळीचा आधार लवकर मिळतो, वेग कमी होतो आणि चेंडू नेमका कोठे लागला हे हाताला कळते. पृष्ठभागाला पकड हवी, पण चिकटपणा नको. यासाका कंपनीचे 'मार्क फाइव्ह' हे या जातीचे जुने, नाणावलेले रबर. चिनी पद्धतीची चिकट रबरे वाईट मुळीच नव्हेत. मात्र त्यांचा कठीण स्पंज दाबला जाण्यासाठी पूर्ण अंग वळवून मारलेला फटका लागतो, आणि तो बारा वर्षांच्या मनगटात कोठून येणार? पाकिटावरील कठीणपणाच्या अंशांवरही विसंबू नये. चिनी मोजणीतले ४० अंश जर्मन मोजणीतल्या ४० अंशांहून बरेच कठीण असतात.

दोन्ही बाजूंस एकच रबर हवे असेही नाही. मनिका बत्रा बॅकहँडला लांब दाण्यांचे रबर वापरतात आणि २०१८ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्यांनी महिला एकेरीचे सुवर्णपदक मिळविले. पण तो वर्षानुवर्षांच्या सरावाचा मार्ग. मुलांनी प्रथम साध्या रबरावर फटका घटवावा. सर्व्हिस कापून टाकता येऊ लागली, समोरच्याची फिरकी दहांत आठ वेळा ओळखता आली, की फोरहँडकडे २ मि.मी.चा स्पंज खुशाल लावावा. बॅकहँडची घाई नको.

निगेविषयी थोडेसे. कोलकात्यास असता दमट हवेने रबर ओलसर होऊन चेंडू घसरे. जोधपूरला धुळीने पकड जाई. दोन्हीकडे उपाय एकच : खेळ संपताच ओलसर स्पंजाने पुसावे, वाळू द्यावे, वर प्लॅस्टिकचा पातळ कागद लावून बॅट पिशवीत ठेवावी. मोटारीत उन्हात मात्र कदापि ठेवू नये. मधला भाग निस्तेज दिसू लागला की रबर बदलावे; नाही तर मूल आपलाच हात बिघडला असे समजते.

आमच्या कन्येची बॅट वर्षभराने कपाटातून निघाली. पुढच्या बदलीच्या गावी भेटलेल्या एका वृद्ध प्रशिक्षकांनी तिची दोन्ही रबरे सोलून काढली आणि १.८ मि.मी.ची साधी रबरे चिकटवून दिली. ती कधी स्पर्धा जिंकली नाही. पण आज तिशीत आहे आणि आठवड्यातून दोनदा खेळते. ती बॅट आणि निरनिराळ्या रबरांच्या आणखी तीन बॅटी आम्ही येत्या शनिवारी सायंकाळी येथे आणणार आहोत. पालकांनी कृपया मुलांस घेऊन यावे आणि त्यांना चारही बॅटींनी खेळू द्यावे. खरेदी त्यानंतर.