मतपत्रिकेवर न छापलेले प्रश्न

(पनवेल येथे दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



आजचा विषय ब्रिटनने युरोपीय संघ सोडल्यानंतरच्या परिणामांचा आहे, आणि मी मात्र प्रारंभ गोव्यापासून करणार आहे. पनवेलकरांना ते वावगे वाटू नये. गोव्याचा रस्ता इथूनच, पळस्पे फाट्यावरून सुटतो. त्याचे चौपदरीकरण एका तपाहून अधिक काळ रखडले. त्या मानाने ब्रिटन मतदानानंतर साडेतीन वर्षांत युरोपातून बाहेर पडला, म्हणजे झपाट्यानेच म्हणायचे!

माझे वडील मराठीचे शिक्षक होते आणि गोव्याच्या विलीनीकरणाचे कट्टर समर्थक. १६ जानेवारी १९६७ रोजी गोव्यात जनमत कौल झाला. महाराष्ट्रात विलीन व्हायचे त्यांच्यासाठी फूल, केंद्रशासित राहायचे त्यांच्यासाठी दोन पाने, अशी चिन्हे होती. फुलाला १,३८,१७० मते पडली, दोन पानांना १,७२,१९१. माझा जन्म त्यानंतरचा. पण ३४ हजारांचा तो फरक आमच्या घरात एखाद्या जिवलगाच्या निधनासारखा आठवला जाई. वडील अखेरपर्यंत हळहळत राहिले. मीही पुष्कळ वर्षे ती हळहळ वारशाने बाळगली.

२०१६ नंतर ब्रिटनची फरफट पाहिली आणि त्या कौलाकडे मी वेगळ्या दृष्टीने पाहू लागलो. निकाल मला आजही आवडलेला नाही, पण पद्धती? संसदेने १९६६च्या डिसेंबरात त्यासाठी कायदा केला. विलीनीकरणवादी मुख्यमंत्री दयानंद बांदोडकर यांनी कौल निःपक्ष व्हावा म्हणून सत्ता सोडली. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, दोन्ही पर्यायांचा अर्थ मतदाराला ठाऊक होता. फूल म्हणजे महाराष्ट्र, पाने म्हणजे आहे तसे केंद्रशासन. तिसरा अर्थ काढायला जागाच नव्हती. कौल हरलेले बांदोडकर लगेच झालेल्या निवडणुकीत जिंकून पुन्हा मुख्यमंत्री झाले! विलीनीकरण नको म्हणणाऱ्या गोव्याने विलीनीकरणवाद्यालाच राज्य चालवायला दिले. भाषेचा आणि घटक राज्याचा प्रश्न पुढे वीस वर्षे धुमसला, तो १९८७ साली निकालात निघाला. परंतु १९६७च्या कौलाचा अर्थ काय, यावर कोणी भांडले नाही.

आता ब्रिटनकडे वळू. २३ जून २०१६ रोजी प्रश्न विचारला गेला तो एवढाच, की संघात राहायचे की बाहेर पडायचे? ५१.९ टक्क्यांनी बाहेर पडण्याचा कौल दिला. आपल्याकडच्या इंग्रजी वृत्तपत्रांनी त्या मतदारांची अडाणी, संकुचित म्हणून यथेच्छ हेटाळणी केली. मला ती मान्य नाही. आपले कायदे आपल्याच संसदेने करावेत असे एखाद्या राष्ट्राला वाटणे हा काही गुन्हा नव्हे. त्या तक्रारीत तथ्य किती होते, हे कोकणातल्या माणसाला तर चांगलेच उमगावे. १ मे २०१४ पासून युरोपीय संघाने फळमाशीच्या कारणावरून भारतीय आंब्यावर बंदी घातली. युरोपात आपल्या हापूसचे मोठे गिऱ्हाईक ब्रिटनच. तिथले व्यापारी आणि काही खासदार ओरडले. पण आपल्या बंदरात कोणती पेटी उतरावी हे ठरवण्याचा अधिकार लंडनकडे नव्हता, तो ब्रुसेल्सकडे होता. बंदी उठली ती २०१५च्या जानेवारीत, युरोपीय संघाने उठवली तेव्हा.

म्हणजे बाहेर पडावेसे वाटणे समजण्यासारखे होते. बाहेर पडणे म्हणजे नेमके काय, हे मात्र मतपत्रिकेवर छापलेले नव्हते. सामाईक बाजारपेठेत राहायचे का? जकात संघात? युरोपीय कामगारांचे काय? प्रत्येक पुढारी स्वतःला सोयीचा अर्थ सांगत राहिला. ज्यांनी सार्वमत घेतले त्या कॅमेरॉन यांनी निकालाच्या सकाळीच पायउतार होण्याचे जाहीर केले. पराभूत बांदोडकर आणि पराभूत कॅमेरॉन यांच्यातला हा फरक लक्षात घ्या. थेरेसा मे यांचा करार संसदेने तीनदा फेटाळला. पहिल्यांदा तर २३० मतांनी. ३१ जानेवारी २०२० रोजी ब्रिटन बाहेर पडला, आणि २०२० संपताना संक्रमणकाळही संपला.

सर्वांत अवघड गाठ आयर्लंडची. उत्तर आयर्लंड ब्रिटनमध्ये, तर उरलेला आयर्लंड युरोपीय संघात. मधल्या सीमेवर पुन्हा चौक्या बसवाव्यात तर १९९८च्या शांतता कराराने थांबलेला रक्तपात परत सुरू होण्याचे भय. तेव्हा तपासणीची रेषा समुद्रात नेली गेली. परिणामी ब्रिटनमधून ब्रिटनच्याच एका भागात माल नेताना कागदपत्रे दाखवावी लागू लागली. रत्नागिरीहून पनवेलला आंब्याच्या पेट्या आणताना जकातीचे कागद मागावेत, असाच हा प्रकार! सार्वभौमत्वासाठी निघालेल्या राष्ट्राच्या पोटातच सीमा उभी राहिली. २०२३च्या विंडसर करारनाम्याने जाच सौम्य केला. रेषा पुसली गेली नाही. स्कॉटलंडच्या ६२ टक्के मतदारांनी तर राहण्याच्याच बाजूने मत दिले होते. तिथला स्वातंत्र्याचा प्रश्न त्यामुळे नव्याने चिघळला, तो निराळा.

अर्थकारणाविषयी थोडक्यात सांगतो. ब्रिटिश सरकारच्या अर्थसंकल्पांची छाननी करणाऱ्या अधिकृत संस्थेचे अनुमान असे, की संघात राहिले असते त्या तुलनेत देशाची उत्पादकता दीर्घकाळात सुमारे ४ टक्क्यांनी कमी राहील. लाभाच्या बाजूला स्वतंत्रपणे करार करण्याची मोकळीक मांडावी लागेल. २४ जुलै २०२५ रोजी भारताशी झालेला व्यापार करार हे त्याचे ठळक उदाहरण. स्थलांतराचे मात्र उलटेच झाले. युरोपातून येणारे घटले आणि भारतासारख्या देशांतून येणारे इतके वाढले की २०२३ साली निव्वळ आवक नऊ लाखांवर गेली. आपली कितीतरी मुले त्यात होती. ज्यांनी स्थलांतर थांबावे म्हणून मत दिले, त्यांचा राग साहजिकच शमला नाही, आणि २०२५ साली व्हिसाचे नियम पुन्हा कडक करण्याचे धोरण आले. लंडनला मुले पाठवणाऱ्या पालकांनी हे ध्यानात ठेवावे.

आता पुन्हा गोव्याकडे येतो, कारण या कौलाची झळ तिथे पोहोचली आहे. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या वारसांना पोर्तुगालचे नागरिकत्व मिळू शकते. हजारोंनी ते घेतले, पण पोर्तुगालला जाण्यासाठी नव्हे. पोर्तुगाल युरोपीय संघात असल्याने त्या पारपत्रावर थेट ब्रिटनमध्ये राहता येई, नोकरी करता येई. स्विंडन शहरात गोवेकरांची मोठी वस्ती झाली. त्यासाठी त्यांनी भारताचे नागरिकत्व सोडले, कारण आपला कायदा दुहेरी नागरिकत्व मानत नाही. मला स्वतःला ते रुचत नाही. पण म्हापशाच्या बेकार तरुणापुढे कोणता पर्याय होता, हेही विचारले पाहिजे.

आणि पाहा विसंगती कशी! २०१६च्या त्या सार्वमतात ब्रिटनमध्ये राहणाऱ्या राष्ट्रकुल देशांच्या नागरिकांना मताधिकार होता. पोर्तुगालच्या नागरिकांना नव्हता. स्विंडनच्या एकाच गल्लीत भारतीय पारपत्रावर राहणारा पुण्याचा अभियंता मत देऊ शकत होता. शेजारच्या गोवेकराचे अवघे भवितव्य पणाला लागलेले, आणि त्याला मत नव्हते! त्या शहराने बाहेर पडण्याच्याच बाजूने कौल दिला.

२०२० संपण्यापूर्वी जे पोहोचले, त्यांना अर्ज करून तिथे राहण्याचा हक्क टिकवता आला. मागे राहिलेल्यांना नव्याने राहायला जायचे तर आता व्हिसा लागतो. एकाच आईची दोन मुले, दोघांकडे तेच पोर्तुगीज पारपत्र. थोरला स्विंडनला कायमचा रहिवासी, आणि धाकटा म्हापशात. त्याच्या कपाटात ज्या देशाचे पारपत्र आहे, त्या देशाची भाषा त्याला येत नाही. आणि ज्या देशात तो जन्मला, तिथे राहण्यासाठीही आता त्याला परदेशी नागरिक म्हणून कागद करावे लागतात.