बंदरावरच्या स्मारकात बाई कुठे आहे?



ससून डॉक १८७५ साली बांधला गेला, कोणी बांधला, हे मुंबईकरांना मी सांगायला नको. मी आज एकच आग्रह घेऊन आलेय. कोळ्यांचं स्मारकशिल्प उभं राहील तेव्हा त्यात बाई हवी, आणि ती कामात गढलेली हवी.

अमेरिकेतल्या ग्लॉस्टर बंदराचा पुतळा तुम्ही चित्रात पाहिला असेल. लेनर्ड क्रास्कचा, १९२५ चा. सुकाणूचं चाक घट्ट धरलेला खलाशी. शिल्प अव्वल आहे. पुढे त्याच्यापाशी समुद्रात गेलेल्या ५,३६८ जणांची नावंही बसवली. पण त्यांच्या बायकांना तिथं यायला २००१ साल उजाडलं, तेही मच्छीमारांच्या बायकांच्या संघटनेनं खटपट केली म्हणून. मुलांना घेऊन समुद्राकडे बघत उभी असलेली आई. तिला माझा नमस्कार. पण मच्छीमाराची बायको नुसती उभी राहते कधी? (हशा.) कुठल्याही कोळीवाड्यात विचारून या!

आता स्कॉटलंडमधलं आयमाउथ. १४ ऑक्टोबर १८८१. आधीचे कित्येक दिवस हवा खराब, होड्या अडकलेल्या, घरात मिळकत नाही. त्या सकाळी समुद्र शांत दिसला. वायुभारमापक वादळ सांगत होता, तरी होड्या निघाल्या. दुपारी एकाएकी अंधारून आलं. परतणाऱ्या होड्या बंदराच्या तोंडाशीच खडकांवर फुटल्या, काठावरच्या बायकांच्या डोळ्यांदेखत. त्या किनाऱ्यावरचे १८९ जण गेले, त्यांतले १२९ एकट्या आयमाउथचे.

आणि एक गोष्ट ऐका. तिथं हॅडॉक मासा गळांच्या लांब दोरीवर धरत. एकेका दोरीला हजारावर गळ. प्रत्येक गळाला शिंपल्यातलं मांस लावायचं काम बायकांचं आणि पोरांचं. बायकांचे हात लागल्याशिवाय त्या गावातून होडी सुटतच नव्हती! शंभर वर्षांनी, १९८१ साली, तिथल्या बायकांनीच त्या दिवसाचा मोठा भरतपट तयार केला. २०१६ मध्ये जिल वॉटसन या शिल्पकर्तीनं ब्राँझमध्ये लहान लहान आकृत्या घडवल्या. त्या दिवशी मागे राहिलेल्या विधवा आणि मुलं. गर्दी म्हणून नाही. प्रत्येक आकृती कुणाची तरी.

चिठ्ठी आली आहे, पाच मिनिटं उरलीत. आयमाउथला वेळ गेला, पण तो द्यायलाच हवा होता.

मागून कोणी म्हणालं, “आधी डॉकवर सोयी द्या, मग पुतळे.” अगदी बरोबर. पण पुतळा टाळला म्हणून सोयी झाल्या, असं मी कुठे पाहिलेलं नाही. आपल्याला दोन्ही मागता येतं. शिल्पात हवी डॉकवर पहाटे लिलावात बोली लावणारी कोळीण, पाटी उचलणारी, जमिनीवर बसून तासन्‌तास कोळंबी सोलणारी बाई. ती सोलणारी दरवेळी कोळीच असते असं नाही, बाहेरगावाहून आलेलीही असते. तिलाही वगळू नका. आणि हे शिल्प रहदारीच्या बेटावर नको, डॉकच्या दाराशी हवं.

शिल्पकारानं मातीचा नमुना समितीपुढे नेण्याआधी डॉकवर न्यावा, लिलाव आटोपल्यावर बायकांपुढे ठेवावा. पाटी धरलेला हात चुकला असेल तर त्या तिथल्या तिथे सांगतील. चौथऱ्यावर कोरायच्या नावांची यादीही त्यांच्याकडूनच घ्यावी. सभागृह नऊला रिकामं करायचं आहे, बाकीचे प्रश्न आपण बाहेर बोलू.