जागा निघाल्याची खबर मुलींना कोण देतं?

(कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेलं भाषण)



कार्यक्रमपत्रिकेत माझ्या सत्राचं नाव ‘युवकांना रोजगारविषयक माहिती’ असं छापलं आहे. युवक म्हटलं की डोळ्यांपुढे मुलगाच येतो, आणि माहितीही बहुतेक त्यालाच मिळते. म्हणून मी मुलींबद्दलच बोलणार आहे.

चाकण-भोसरीच्या पट्ट्यात कारखान्याला माणसं हवी असली की खबर कशी फिरते ते आठवा. ठेकेदाराचा माणूस टपरीवर सांगतो. कंपनीत लागलेला मुलगा मित्राला सांगतो, तो मंडळात सांगतो. हल्ली जाहिरात मोबाइलवर फिरते खरी, पण ती फिरते त्याच कट्ट्यावरच्या पोरांच्या ग्रुपवर. बारावी झालेली मुलगी त्या वेळी पाणी भरत असते. तिला कामाची बातमी कळते ती आईकडून, मावशीकडून, शेजारणीकडून. त्यांच्या माहितीतली कामं म्हणजे धुणीभांडी, शिवण, फार तर पॅकिंग.

मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९७३ साली असं दाखवलं, की नोकरीची खबर जवळच्या माणसांपेक्षा तोंडओळखीच्या माणसांकडून अधिक येते. जवळच्यांना आपल्याला ठाऊक असतं तेवढंच ठाऊक असतं. आता तोंडओळख वाढायला घराबाहेर उभं राहावं लागतं. मुलगी कोपऱ्यावर दहा मिनिटं उभी राहिली तर काय होतं, हे इथे कुणाला सांगायची गरज नाही!

मुलाची एक संधी हुकली तर तो पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज भरतो. मुलीला ते पुढचं वर्ष मिळेलच असं नाही. ‘घरी बसूनच आहे’ म्हणत स्थळं बघायला सुरुवात होते. शिवाय सरकारी पाहणीत बेरोजगार कोणाला म्हणतात? जी काम शोधते आहे किंवा कामाला तयार आहे तिला. जिच्यापर्यंत खबरच आली नाही आणि म्हणून जिने शोधलंही नाही, ती ‘घरकाम’ या रकान्यात जाते. म्हणजे ती बेरोजगारांच्या आकड्यातसुद्धा दिसत नाही.

सेवायोजन कार्यालयाचं काय, असं कुणी विचारेल. रिक्त जागा कळवणं बंधनकारक करणारा कायदा १९५९ सालचा. सरकारी आस्थापनांना आणि २५ किंवा अधिक माणसं असलेल्या खासगी आस्थापनांना तो लागू होता. पण जागा फक्त कळवायच्या होत्या, तिथूनच माणूस घ्यायची सक्ती नव्हती. आणि घरकामाच्या, शेतीच्या जागा त्यातून वगळलेल्या, म्हणजे आपल्या बायकांची निम्मी कामं बाहेरच! पुढे तो कायदा २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत सामावला गेला. आज महाराष्ट्रात ‘महास्वयं’वर नाव नोंदवता येतं. ते जरूर नोंदवा, पण नोंदवून वाट बघत बसू नका.

दुसरी गोष्ट वेळेची. पोलीस भरतीचं उदाहरण घेऊ. शासकीय नोकऱ्यांत स्त्रियांसाठी ३० टक्के आरक्षण आहे. पण शिपाईपदाच्या मैदानी चाचणीत ८०० मीटर धावायचं असतं, गोळा फेकायचा असतं. जाहिरात आल्यावर पंधरा दिवसांत हे जमत नाही. मुलं वर्षभर आधीपासून पहाटे रस्त्यावर धावताना दिसतात. त्यांना कुणीतरी सांगितलेलं असतं. तेच दाखल्यांचं. अधिवास, जात, नॉन-क्रीमीलेयर यांसाठी तहसीलच्या खेपा घालाव्या लागतात, तोवर शेवटची तारीख टळते. तेव्हा जागा निघाली एवढं सांगून भागत नाही. कुठल्या कामाला काय लागतं हे दहावीतच सांगायला हवं.

आता थोडं आपल्याबद्दल. केंद्रावर जाहिरात येते तेव्हा आपणही नकळत चाळणी लावतो. पार्लर, नर्सिंग सहायक, टेलरिंग हे मुलींना सांगतो. आयटीआयच्या इलेक्ट्रिशियनची शिकाऊ जागा ‘हे मुलांचं’ म्हणून बाजूला ठेवतो. रात्रपाळी असली तर कागद लावतच नाही, काळजीपोटी. ही काळजी तिचे वडीलही करतात, भाऊही करतो. मग आपल्यात आणि त्यांच्यात फरक काय राहिला? मला वाटतं, जागा सगळ्या लावाव्यात, मात्र पूर्ण माहितीनिशी. पगार हातात किती, ठेकेदाराचा की कंपनीचा, भविष्यनिर्वाह निधी कापतात का आणि भरतात का, बायकांचं स्वच्छतागृह आहे का, रात्री सोडायला गाडी आहे का, शेवटची बस किती वाजता. दहा किंवा अधिक माणसं असतील तर २०१३ च्या कायद्याप्रमाणे तक्रार समिती हवी; ती नेमली आहे का, हेही फोनवर विचारायचं. उत्तर देताना समोरचा चाचरला तर ‘चाचरला’ असंच लिहायचं. ठरवेल ती मुलगी.

‘फक्त मुले पाहिजेत’ अशी जाहिरात दिसली तर तीही लावा. भरतीत बाई म्हणून डावलायला १९७६ च्या समान वेतन कायद्याने मनाई केली होती, २०१९ च्या वेतन संहितेतही ती मनाई आहे. दोघी-तिघींनी मिळून त्या कंपनीला पत्र टाकावं, कारण विचारावं.

आणि ‘नोकरी लावतो, आधी नोंदणीचे पैसे भरा’ असं म्हणणाऱ्याचा कागद मात्र फळ्यावर नको. त्याच्यासाठी फळ्याशेजारी एक वही ठेवा. कुणाकडे किती मागितले, कधी मागितले, कुठला नंबर, सगळं मुलींनी स्वतः लिहायचं. दुसऱ्या वस्तीतली वहीही महिन्यातून एकदा मागवून बघायची.

फळा कुठे लावायचा यावर सकाळी बराच वाद झाला. केंद्राच्या आत लावला तर केंद्रात येणाऱ्याच वाचतील. माझं म्हणणं, रेशनच्या दुकानाबाहेर आणि सार्वजनिक नळापाशी लावा. तिथे उभं राहिलं तर कुणी काही म्हणत नाही.