हातातल्या कामाची गोडी



‘खूप मोठे व्हा’ असं शाळेच्या समारंभात विद्यार्थ्यांना सांगायची पाहुण्यांची रीत आहे, आणि तुम्ही मोठे व्हावं असं मलाही वाटतं. पण बहुतेकांच्या वाट्याला चारचौघांसारखी नोकरी येते आणि उमेदीची वर्षं तिच्यातच जातात. समाधान मोठ्या पदावर गेल्यावरच मिळणार असेल, तर ही सारी वर्षं नुसती वाट पाहण्यात सरायची. मला ते पटत नाही. हातातल्या कामात स्वतःच्या जिज्ञासेला जागा करून दिली, तर साध्या कामातही माणूस रमतो.

याचं उदाहरण म्हणजे गणिती दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर. ते १९३० ते १९६२ नाशिकजवळ देवळालीला शाळामास्तर होते. पदव्युत्तर पदवी नाही, विद्यापीठातली खुर्ची नाही. हाताशी होती ती शाळकरी बेरीज-वजाबाकी. तिच्यातच त्यांना एक नवल सापडलं. समजा, ३५२४ ही संख्या घेतली. तिचे अंक उतरत्या क्रमाने मांडा, त्यातून चढत्या क्रमाची संख्या वजा करा : ५४३२ उणे २३४५, म्हणजे ३०८७. पुन्हा तसंच करा : ८७३० उणे ०३७८, म्हणजे ८३५२. आणखी एकदा : ८५३२ उणे २३५८, आले ६१७४. आता कितीही वेळा करा, ६१७४च येतील. चारही अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या जास्तीत जास्त सात वजाबाक्यांत इथेच पोचते. १९४९ साली मद्रासच्या गणित परिषदेत त्यांनी हे मांडलं. गणितावर लिहिणारे लेखक मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’ या मासिकात त्यांच्यावर लिहिलं आणि जगभर नाव झालं ते १९७५ साली, निवृत्तीनंतर तेरा वर्षांनी. म्हणजे त्यांची मास्तरकी काही जगाच्या कौतुकावर तगलेली नव्हती.

कुणी म्हणेल, सगळ्यांनाच कापरेकर होता येत नाही. कबूल. पण एमी रेझ्नेव्स्की आणि जेन डटन या अमेरिकी संशोधकांनी २००१ साली रुग्णालयातल्या सफाई कामगारांविषयी लिहिलं. काम एकच, तरी काही जण नेमून दिलेलं उरकून मोकळे होत आणि त्यांना ते काम आवडत नसे. काही मात्र रुग्णांशी, नातेवाइकांशी बोलत, वॉर्डातली कामं पाहून आपली वेळ आखत. त्यांना तेच काम कौशल्याचं वाटे. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे : ‘समाधानी राहा’ हा उपदेश मालकाच्या पथ्यावर पडतो. खरं आहे. म्हणूनच तुटपुंज्या पगारात किंवा अपमानात मुळीच समाधान मानू नका. भांडा, संघटित व्हा, जमलं तर नोकरी बदला. कामात रस घेणं ही वेगळी गोष्ट आहे. उलट, ज्याला आपलं काम नीट कळतं, त्यालाच त्याची किंमत ठणकावून मागता येते.

मित्रांनो, आज तुमचं काम अभ्यास. परीक्षेत न येणारा एखादा प्रश्न केवळ कुतूहल म्हणून सोडवून पाहा. ही सवय आत्ता लागली, तर पुढे ‘साहेब झाल्यावर बघू’ म्हणत थांबावं लागणार नाही.