आरोपीच्या बाजूने कोण उभे राहणार?

(जालना जिल्ह्यातील तरुणांसमोर एका वकील भगिनीने केलेले भाषण)



तुमच्यासमोर कलमांची यादी वाचायला मी आलेली नाही. एका जुन्या टीव्ही नाटकापासून सुरुवात करते.

बासू चटर्जींचा ‘एक रुका हुआ फैसला’ तुमच्यापैकी काहींनी पाहिला असेल. 1986 चा. तो ज्या ‘ट्वेल्व्ह अँग्री मेन’वर बेतला आहे, त्याचे लेखक रेजिनाल्ड रोझ. याच रोझ यांनी 1957 साली अमेरिकेच्या सीबीएस वाहिनीसाठी ‘द डिफेंडर’ नावाचे दोन भागांचे नाटक लिहिले. त्यात वडील आणि मुलगा दोघेही वकील. आरोपी एक तरुण, आरोप खुनाचा. वडिलांना मनातून वाटते की यानेच खून केला आहे, त्यामुळे ते जीव ओतून लढत नाहीत. मुलाला याचा राग येतो. तो एक डाव शोधतो. कोर्टात आरोपीच्या जागी त्याच्यासारखा दिसणारा माणूस बसवायचा. साक्षीदाराने त्याच्याकडे बोट दाखवले की खटला कोसळला. वडिलांना ही लबाडी वाटते. पण समोर एका माणसाच्या जिवाचा प्रश्न आहे.

हे नाटक मी पाहिले तेव्हा झोप लागली नाही, कारण असाच प्रश्न माझ्या टेबलावर येऊन गेला होता.

मी याच जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावात वाढले. एका रात्री गावात तणाव झाला आणि आमच्या गल्लीतल्या एका चाचांचे कापडाचे दुकान जाळले गेले. त्यांच्या दुकानातल्या कापडाचे ईदचे कपडे मी लहानपणी घातलेले आहेत. पोलिसांनी एका तरुणाला पकडले. तो आपल्या समाजाचा नव्हता. घरची गरिबी, वकील करायला पैसे नाहीत. कोठडीत असलेल्या माणसाला मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. विधी सेवा प्राधिकरणाच्या यादीत माझे नाव होते, फाइल माझ्याकडे आली.

चाचा ओळखीचे आहेत, हे मी न्यायाधीशांना सांगितले, आरोपीलाही सांगितले. कोणाचीच हरकत आली नाही. हरकत आली ती गल्लीतून. चाचा स्वतः घरी आले. एवढेच म्हणाले, ‘बेटी, तू उसके तरफसे खडी रहती?’ अम्मीने त्या दिवशी माझ्याशी बोलणे टाकले.

खरे सांगू? मलाही वाटत होते की हाच त्या जमावात असणार.

मग मी बार कौन्सिलचे नियम पुन्हा काढून वाचले. त्यात साफ म्हटले आहे की आरोपी दोषी आहे की नाही याबद्दल वकिलाचे खासगी मत काहीही असो, त्याने बचाव करायचा. कारण त्याची निष्ठा कायद्याशी आहे आणि पुरेशा पुराव्याशिवाय कोणालाही शिक्षा होऊ नये, असे कायदा सांगतो. दोषी कोण हे ठरवणे न्यायाधीशाचे काम. तेच काम मी मनातल्या मनात उरकून टाकले, तर त्या माणसाला कोर्ट मिळालेच नाही.

खटला उभा राहिला. डोळ्यांनी पाहणारे साक्षीदार एकटे चाचा. आरोपीचा धाकटा भाऊ हुबेहूब त्याच्यासारखा. घरचे मला म्हणाले, ‘ताई, याला पिंजऱ्यात उभा करू, म्हातारा फसेल.’ थेट त्या नाटकातला डाव! मी नाही म्हणाले. मला अशिलासाठी लढायचे होते, कोर्टाला फसवायचे नव्हते.

उलटतपासणीत मी चाचांना सरळ प्रश्न विचारला. ‘ओळख परेडच्या आधी तुम्ही याला कुठे पाहिले होते का?’ चाचा थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, ‘हो. आधी ठाण्यात दाखवला होता.’

ज्याला आधीच दाखवले, त्याची ओळख परेड घेऊन काय उपयोग? रात्रीची वेळ, वीज गेलेली, दुसरा पुरावा नाही. आरोपी सुटला. माझ्या प्रश्नाइतकाच तो चाचांच्या खरेपणामुळे सुटला. ते ‘नाही’ म्हणू शकले असते. स्वतःचे जळालेले दुकान डोळ्यांसमोर असूनही ते खोटे बोलले नाहीत. कायद्याच्या पुस्तकांत मला एवढी मोठी साक्ष सापडलेली नाही.

दुकान कोणी जाळले, हे आजही कोर्टासमोर आलेले नाही. ती टोचणी मला आहे. पण चाचांचा न्याय मी बुडवला असे मी मानत नाही. तो बुडाला कच्च्या तपासात. उलटतपासणी होणार आहे हे माहीत असेल, तरच तपास नीट होतो.

आता तुमच्याकडे वळते. ‘शाहिद’ सिनेमा तुम्ही पाहिला आहे. वकील शाहिद आझमी यांना 11 फेब्रुवारी 2010 रोजी कुर्ल्यातल्या त्यांच्या कार्यालयात गोळ्या घातल्या. ते 26/11 च्या खटल्यात फहीम अन्सारी यांची बाजू मांडत होते. त्यानंतर तीन महिन्यांच्या आत, 3 मे 2010 रोजी विशेष न्यायालयाने अन्सारींना त्या खटल्यातून निर्दोष सोडले, आणि 2012 साली सर्वोच्च न्यायालयानेही ते कायम ठेवले. त्याच खटल्यात 2009 साली कसाबचे वकीलपत्र घेणाऱ्या अंजली वाघमारे यांच्या घरासमोर निदर्शने झाली होती. एखाद्या आरोपीचा खटला घ्यायचाच नाही, असे ठराव देशात अनेक ठिकाणच्या वकील संघांनी केले. डिसेंबर 2010 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असे ठराव बेकायदा ठरवले.

शाहिदभाईंच्या नावाने आपण टाळ्या वाजवतो. वाजवल्याच पाहिजेत. पण आपले दुकान जाळल्याचा आरोप असलेल्या पोराच्या बाजूने कोणी उभे राहिले, तर आपण काय करतो? माझ्या गल्लीने काय केले, ते सांगितले. बचावाचा हक्क फक्त आपल्या माणसांसाठी मागितला, तर उद्या तो आपल्यालाही मिळणार नाही.

एक काम सांगते. एक दिवस जालन्याच्या जिल्हा न्यायालयात जा. खुल्या कोर्टात कोणीही बसू शकते. तिथेच जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय आहे. स्त्रियांना, अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना आणि कोठडीतल्या माणसाला तिथे उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. हे आपल्या मोहल्ल्यात किती जणांना माहीत आहे, विचारून पाहा. आणि तुमच्यातल्या काहींनी, विशेषतः मुलींनी, वकील व्हा.

अम्मी आठवड्याभराने बोलू लागली. चाचांना मात्र बराच काळ लागला. एका ईदला ते दारात आले, शीरखुर्मा घेतला आणि जाताना म्हणाले, ‘सवाल सही पूछी थी तू.’