खोली भाड्याने देताना

खडवलीत लोकल थांबते, म्हणून कल्याणकडे कामाला जाणारी माणसं इथं खोली शोधतात. आपल्यातल्या काहीजणींनी गटाचं कर्ज घेऊन घरामागे खोल्या बांधल्यात.

आमच्या गटातल्या एका ताईंनी अशीच खोली दिली. ‘ओळखीतलाच आहे, कागद कशाला?’ असं आम्हीच म्हणालो. पाच महिन्यांनी तो भाडं देईना, खोलीही सोडेना. कर्जाचा हप्ता काही थांबला नाही. दोन हप्ते आम्ही वर्गणी काढून भरले, कारण चूक आमचीही होती.

तेव्हापासून आम्ही हे पाळतो. भाडेकरूचं आधार कार्ड, कामाचं ओळखपत्र बघायचं. आधीच्या घरमालकाला फोन करायचा. जात-धर्म विचारायचा नाही. त्यावरून भाडं वेळेवर येईल का, ते कळत नाही.

लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी करून नोंदवायचाच. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार नोंदणीची जबाबदारी मालकाची. नोंदणी नसेल, तर वादात आपण उलट सिद्ध करेपर्यंत भाडेकरू सांगेल त्याच अटी खऱ्या धरतात.

पोलीस ठाण्यात भाडेकरूची माहिती द्यावी. अनामत आणि भाड्याची पावती ठेवावी, पहिल्या दिवशीच विजेच्या मीटरचा आकडा लिहावा. भांडण झालं तरी पाणी-वीज तोडायची नाही. त्यात आपणच अडकतो.

करार करायला एकट्या जाऊ नका. गटातली एकजण सोबत न्या.